बसतं, पण जुळतं का?

डीडीआर४ रॅमची एक पट्टी आणि डीडीआर५ ची एक पट्टी शेजारी शेजारी ठेवली, तर पहिल्या नजरेत फरक सांगता येत नाही. लांबी दोघींची १३३.३५ मिलिमीटर. खालच्या कडेला सोनेरी पिना दोघींना २८८. त्या कडेत मधेच एक छोटी खाच असते, आणि तेवढीच काय ती काही मिलिमीटर इकडची तिकडे झालेली असते. मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बरोबर त्या खाचेच्या जागी एक बारीक खुंट असतो. चुकीची पट्टी घालायला गेलात की खाच खुंटावर येत नाही आणि पट्टी वरच्या वर अडते.

ती अडायलाच हवी. डीडीआर४ ला मदरबोर्ड १.२ व्होल्टचा आयता पुरवठा करतो. डीडीआर५ ची तऱ्हा वेगळी. ती मदरबोर्डकडून ५ व्होल्ट घेते आणि आपल्याच अंगावरच्या एका चिपकडून त्याचे १.१ व्होल्ट करून वापरते. या दोघींची अदलाबदल झाली तर काय होईल, हे कुणाला प्रयोग करून बघावं लागू नये म्हणून ती खाच सरकवलेली आहे. वीज पोचायच्या आत हात थांबावा, एवढंच तिचं काम. खाच कुठे असावी हे ठरवणाऱ्या मंडळाचं नाव जेडेक. बाजारात एकमेकांच्या जिवावर उठलेल्या मेमरी कंपन्या तिथे एका टेबलाभोवती बसतात आणि मिलिमीटरवरून वाद घालतात. डीडीआर४ चं प्रमाण त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केलं, डीडीआर५ चं २०२० च्या जुलैत.

माझा भाचा कोथरूडला राहतो, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गेमिंगसाठी कॉम्प्युटर घरीच जुळवायचा असं त्याने ठरवलं आणि पार्टची यादी करून मला पाठवली. प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्नचिन्ह. शेवटी एक ओळ: "मामा, हे सगळं एकमेकांना चालेल ना?"

प्रश्न साधा वाटतो. पण प्रोसेसरचा आराखडा अमेरिकेत झालेला, तो घडवला तैवानमध्ये, रॅमच्या चिप कोरियातल्या, कॅबिनेट चीनमधलं, आणि या सगळ्यांची पहिली भेट कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावर. यातल्या कुठल्याही दोन वस्तू बनवणाऱ्या माणसांनी बहुधा एकमेकांना पाहिलेलं नाही. तरीही बटण दाबलं की बहुतेक वेळा यंत्र सुरू होतं. मला तर न चालण्यापेक्षा हे चालणंच जास्त चक्रावून टाकतं.

मदरबोर्ड कॅबिनेटला ज्या स्क्रूंनी बसवतात त्यांच्या भोकांपासून सुरुवात करू. पूर्ण आकाराचा एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर. हे माप इंटेलने १९९५ मध्ये ठरवलं. त्या वर्षी बनलेल्या एटीएक्स कॅबिनेटात आजचा बोर्ड ठेवलात तर भोकं जुळतात. बोर्डावरच्या दोन स्लॉटमधलं अंतर तर त्याहून जुनं आहे: ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिलिमीटर. हे आयबीएमने १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये वापरलं. त्या आधीच्या, १९८१ च्या पहिल्या पीसीत ते एक इंच होतं. एक्सटीत जास्त कार्डं मावावीत म्हणून स्लॉट जवळ आणले, आणि चाळीस वर्षांनंतरही ग्राफिक्स कार्ड "दोन स्लॉटचं" की "तीन स्लॉटचं" हे आपण त्याच अंतराने मोजतो आहोत.

आकार जुळला की पुढची पायरी सुरू होते. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि या सगळ्या प्रकरणात ती मला सर्वांत जास्त आवडते.

ग्राफिक्स कार्ड ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं त्याचं नाव पीसीआय एक्सप्रेस. हे प्रमाण २००३ पासून चालत आलंय. तेव्हापासून त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या झाल्या आणि जवळजवळ प्रत्येक पिढीत वेग दुप्पट झाला, पण स्लॉटचा आकार तोच राहिला. म्हणजे जुन्या बोर्डावर नवं कार्ड किंवा नव्या बोर्डावर जुनं कार्ड बसू शकतं. मग बोर्डाला कसं कळतं की समोर कोण आलंय? आधी तो प्रत्येक तारेवर व्होल्टेजची एक छोटी पायरी सोडतो आणि ती तार किती वेळात भरते ते बघतो. पलीकडे कुणी असेल तर भरायला किंचित जास्त वेळ लागतो. एवढ्या फरकावरून कळतं की कार्ड बसलेलं आहे. मग दोघं सगळ्यांत हळू, पहिल्या पिढीच्या वेगाने, सेकंदाला २५० कोटी बिटांनी बोलायला लागतात. तारांच्या कुठल्या वाटा, म्हणजे लेन, चालू आहेत, त्यांचे क्रमांक काय, तारांच्या एखाद्या जोडीत अधिक-उणे उलटं जोडलेलं तर नाही ना, हे तपासलं जातं. उलटं असलं तरी अडत नाही, चिप ते आपल्या आत सुलटं करून घेते. मग दोघं एकमेकांना आपली कमाल सांगतात आणि दोघांनाही झेपेल अशा सर्वांत वरच्या वेगावर जातात. हे सगळं आपण स्क्रीन काळी बघत बसलेलो असतो तेवढ्यात उरकतं.

रॅमचं प्रकरण याहून नाजूक. ६००० वेगाची डीडीआर५ रॅम म्हणजे प्रत्येक तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट. एका बिटाच्या वाट्याला येतो साधारण १६७ पिकोसेकंद. एवढ्या वेळात मदरबोर्डच्या तांब्यातून सिग्नल जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकतो. म्हणजे एक बिट रॅमपाशी पोचत असतो तेव्हा त्याच्या मागचा अडीच सेंटिमीटरवर असतो आणि त्याच्याही मागचा पाचवर. अशा कित्येक तारा शेजारून धावतात आणि सगळ्यांचे बिट एका ठोक्याला पोचायला हवेत. मदरबोर्ड उजेडात तिरका धरा. प्रोसेसर आणि रॅमच्या स्लॉटमधल्या जागेत काही रेघा मुद्दाम नागमोडी काढलेल्या दिसतील. ज्या तारेचा रस्ता जवळचा, तिला वळणं देऊन लांब केलेलं असतं. ती नक्षी म्हणजे वेळेचा हिशेब आहे.

नागमोडी रेघांनीही काम पूर्ण होत नाही. तुमच्या पट्ट्या, तुमचा बोर्ड, तुमचा प्रोसेसर यांचा संच पहिल्यांदाच एकत्र आलेला असतो. म्हणून पहिल्या वेळी सुरू करताना बोर्ड प्रत्येक तारेची वेळ किंचित पुढे, किंचित मागे करून बघतो, कुठे अक्षर स्पष्ट ऐकू येतंय ते टिपतो आणि मधोमध थांबतो. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंचावर गायक बसल्यावर आधी तंबोरे जुळवले जातात, आणि मांडवातला जाणकार श्रोता त्या वेळी कुरकुर करत नाही. नव्या बोर्डांवर, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर, या जुळवणीला पहिल्यांदा काही मिनिटंही लागू शकतात. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. नव्याने जुळवणारा इथे हमखास घाबरतो आणि बटण दाबून सगळं बंद करतो. मग पुन्हा पहिल्यापासून. भाच्याला मी एवढंच सांगून ठेवलं होतं की तेव्हा उठून चहा करायला जा.

पट्टीवर आणखी एक बारीकशी चिप असते, एसपीडी नावाची. पट्टीचा वेग किती, कुठल्या वेळापत्रकाने चालायचं, हे तिच्यात लिहून ठेवलेलं असतं आणि बोर्ड ते वाचतो. गंमत म्हणजे खोक्यावर ६००० छापलेलं असलं तरी बोर्ड आपणहून सावध, जेडेकने ठरवलेला वेगच पकडतो, बहुधा ४८०० किंवा ५६००. वरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, जाऊन इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी आणि एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो चालू करावं लागतं. जादा पैसे मोजून वेगवान रॅम घेतलेले आणि वर्षानुवर्षं ती मंद वेगाने चालवणारे लोक किती असतील, कुणास ठाऊक.

सुटे भाग बाहेरून आणून त्यांना एकमेकांशी बोलायला लावण्याचा उद्योग पुण्याला नवा नाही. त्यातला सर्वांत मोठा प्रयोग गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारात झाला. अमेरिकेकडून हवा तसा क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख झाले. महासंगणकाचा खास प्रोसेसर शून्यापासून घडवायचा तर एका पिढीचं काम. त्यांनी वेगळी वाट धरली. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीची टी८०० नावाची ट्रान्सप्युटर चिप तेव्हा बाजारात विकत मिळत होती. तिच्यात प्रोसेसर तर होताच, शिवाय चार लिंक होत्या. प्रत्येक लिंकमध्ये जायला एक तार आणि यायला एक. कुठलाही ट्रान्सप्युटर कुठल्याही दुसऱ्याला जोडा, दोघांना एकमेकांचं बोलणं कळणार. ज्याच्यापाशी सुरुवातीचा प्रोग्राम नाही तो लिंकवरून शेजाऱ्याकडून घेणार.

जोडता येतं म्हटल्यावर मोठं करता येतं. सी-डॅकचा परम ८००० तयार झाला, आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये ६४ नोडचं, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या ६४ घटकांचं, यंत्र सुपूर्द झालं. त्याच वर्षी त्याची एक प्रत मॉस्कोलाही बसली. अर्थात जोडणं वेगळं आणि त्या सगळ्यांकडून एकत्र काम करून घेणं वेगळं. २५६ नोडच्या रचनेचा कागदावरचा वेग होता एक गिगाफ्लॉप, सेकंदाला १०० कोटी गणितं, पण प्रत्यक्षात टिकणारा वेग त्याच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाएवढाच यायचा. बाकीची ताकद एकमेकांची वाट पाहण्यात जायची. जोडलेल्या यंत्रांचं हे दुखणं आजही तसंच आहे. गेम अडखळतो तेव्हा बहुतेक वेळा कुठला ना कुठला भाग दुसऱ्याची वाट बघत असतो.

भाच्याच्या यादीत आरटीएक्स ४०६० हे कार्ड होतं. त्याचा छापील वेग सेकंदाला सुमारे १५ लाख कोटी गणितं. कमी अंकांच्या गणिताचा हा आकडा आहे, तेव्हा तुलना काटेकोर धरू नये, पण कागदावर हे परमच्या १५,००० पट झालं. टी८०० ची लिंक सेकंदाला २ कोटी बिट वाहून न्यायची. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसची एक लेन त्याच्या ८०० पट नेते. हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हीडियाचं एक कार्यालय येरवड्यात आहे, गणेशखिंडीपासून रिक्षाच्या अंतरावर.

आता यादीच्या अवघड भागाकडे. खाच जिथे आहे तिथे चूक करता येत नाही. यंत्रं जिथे आपसांत बोलून ठरवतात तिथे चूक झाली तरी निभावतं. खरा घोळ होतो तो वस्तू बिनबोभाट बसते आणि तरीही जुळत नाही तिथे.

इंटेलचं एलजीए ११५१ हे सॉकेट याचं नामी उदाहरण. २०१५ मध्ये सहाव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर ते आलं, सातव्या पिढीलाही चाललं. २०१७ च्या अखेरीस आठवी पिढी आली तीही ११५१ मध्येच. आकार तोच, संपर्कबिंदू ११५१ च. पण इंटेलने काही पिनांची कामं बदलली होती, जास्त गाभ्यांना, म्हणजे कोअरना, जास्त वीज लागते म्हणून. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर अलगद बसायचा आणि चालू मात्र व्हायचा नाही. काही खटपट्या लोकांनी प्रोसेसरच्या ठरावीक बिंदूंवर चिकटपट्टी लावून आणि बायोसमध्ये फेरफार करून तो चालवून दाखवला, ते वेगळं. जुना बोर्ड स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्याने प्रोसेसरची पिढी आणि बोर्डचा चिपसेट यांची जोडी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे तेव्हापासून पक्कं झालं.

एएमडीने उलट टोक गाठलं. २०१७ च्या पहिल्या रायझन प्रोसेसरसाठीचं एएम४ सॉकेट त्यांनी इतकं ताणलं की २०२२ मधला रायझन ७ ५८००एक्स३डी देखील त्यात बसतो. मग अडचण भलतीकडेच निघाली. बोर्ड सुरू होताना समोरचा प्रोसेसर ओळखतो तो बायोसमधल्या माहितीवरून, आणि बायोस ज्या चिपमध्ये राहतो ती पुष्कळ जुन्या बोर्डांवर होती अवघी १६ मेगाबाइटची. मोबाइलमधले तीन-चार फोटो म्हणजे १६ मेगाबाइट. पाच वर्षांतल्या सगळ्या प्रोसेसरांची ओळख तिच्यात मावेना. एमएसआय या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने काही बोर्डांवर रंगीबेरंगी मेनू काढून टाकून साधा मेनू दिला आणि जागा मोकळी केली. काही बायोसांतून जुन्या प्रोसेसरांची ओळखच पुसावी लागली. यातून होणारी पंचाईत अशी: दुकानात वर्षभर पडून असलेला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, ओळखायला शिकवायचं तर बायोस बदलावा लागतो, आणि बायोस बदलायला चालणारा प्रोसेसर लागतो. म्हणून आता बऱ्याच बोर्डांच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं छोटं बटण देतात. पेन ड्राइव्ह लावा, वीज द्या, बटण दाबा. प्रोसेसर नसलेला बोर्ड आपला आपण नवा बायोस लिहून घेतो. थोडे जास्त पैसे त्या बटणासाठी मी तरी आनंदाने देईन.

आणि काही वेळा सगळं बसतं, सुरूही होतं, फक्त मुकाट्याने हळू चालतं. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला विचारायला गेलेल्या विद्यार्थ्याला पुष्कळदा सल्ला मिळतो की आधी रायझन ५ ५६००जी घे, त्यात ग्राफिक्स आहेच, कार्ड मग पैसे साठले की टाक. सल्ला वाईट नाही. पण ५६००जी पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच बोलतो. नंतर त्याने जर आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड आणलं, तर ते चौथ्या पिढीचं आहे आणि त्याला लेन आहेत फक्त चार. चौथ्या पिढीत चार लेनवरून सेकंदाला साधारण ८ गिगाबाइट जातात, तिसऱ्या पिढीत चारच. कार्डाची स्वतःची मेमरी ४ गिगाबाइटची. गेमची चित्रं तेवढ्यात मावली तर काही कळणारही नाही. नाही मावली तर ती मुख्य रॅममधून आणावी लागतात, त्याच अरुंद वाटेने, आणि मग खेळाला आचके बसतात. दुकानदार म्हणेल "कम्पॅटिबल आहे", आणि तो खोटं बोलत नसतो.

धोक्याच्या जागा मात्र दोन, आणि दोन्ही क्षुल्लक दिसतात. पहिली एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, सुट्या निघणाऱ्या केबलींची. केबलचं जे टोक मदरबोर्डला किंवा ड्राइव्हला जातं ते प्रमाणित असतं. एसएमपीएसच्या अंगाला जाणाऱ्या टोकाला असं कुठलंच प्रमाण नाही. प्लग तसाच दिसतो, बसतोही, पण ५ व्होल्टच्या जागी १२ असू शकतात. जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला लावून हार्ड डिस्क जाळलेली माणसं जगभर आहेत. दुसरी जागा रंगीत दिव्यांची. १२ व्होल्टच्या साध्या आरजीबी दिव्यांचा प्लग चार पिनांचा, ५ व्होल्टच्या ॲड्रेसेबल दिव्यांचा तीनचा. तीनचा प्लग चारवर दामटून बसवला की दिव्यांचा निकाल लागला.

विजेचा विषय निघालाच आहे तर ग्राफिक्स कार्डाच्या त्या बदनाम प्लगबद्दल सांगायला हवं. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, जुन्या आठ पिनांच्या प्लगमधून १५०. मोठ्या कार्डांची भूक वाढली तसा २०२२ च्या सुमारास बारा पिनांचा नवा प्लग आला, ६०० वॉट नेणारा. १२ व्होल्टवर ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटले (बाकीच्या सहा परतीच्या) तर प्रत्येकीतून आठच्या वर. आपल्या गीझरच्या प्लगमधून जाणाऱ्या करंटच्या जवळपास, आणि पिन काडीपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक. आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर काही लोकांचे प्लग वितळले. प्लग पुरता आत न बसणं हे एक कारण निघालं, कारण अर्धवट बसला की संपर्क कमी, संपर्क कमी की उष्णता जास्त.

दुरुस्ती बघण्यासारखी आहे. त्या प्लगवर बारा मोठ्या पिनांखेरीज चार छोट्या पिना असतात. एसएमपीएस किती वॉट देऊ शकतो हे कार्ड त्यांच्यावरून वाचतं. सुधारलेल्या आवृत्तीत या छोट्या पिना सुमारे दीड मिलिमीटर आखूड केल्या आणि मोठ्या पिना किंचित लांब. त्यामुळे प्लग पूर्ण आत गेल्याशिवाय छोट्या पिना टेकतच नाहीत, आणि त्या टेकल्या नाहीत तर कार्ड वीज ओढत नाही. इथेही मिलिमीटरनेच काम केलं.

भाच्याच्या चाळीसशे साठला या भानगडीत पडायची गरज नाही, ते ११५ वॉटवर भागवतं. यादीतला प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणतात पण ८८ पर्यंत जातो. बाकीचं किरकोळ धरून अडीचशेच्या आसपास बेरीज होते आणि ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो. दुप्पट कशाला, तर कार्डं क्षणभरासाठी आपल्या सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतात. पुण्यात आणखी एक पाहुणा हिशेबात धरावा लागतो, तो म्हणजे गुरुवार. देखभालीसाठी वीज जायचा वार म्हणून गुरुवार आपल्याकडे ओळखला जातो. गेम ऐन रंगात असताना ती गेली तर यूपीएस हवाच. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसवर खरे वॉट साधारण ३६० असतात, आणि त्यातले बरेचसे शुद्ध लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. काही एसएमपीएसना ती रुचत नाही आणि वीज गेल्याक्षणी यूपीएस असूनही यंत्र बंद पडतं. तेव्हा हीही जोडी विकत घेण्याआधी विचारून घ्यावी. विजेसारखाच उन्हाळाही हिशेबात धरावा लागतो: एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा खोलीतली हवाच गरम असते आणि हीटसिंक त्याच हवेत उष्णता टाकतो. काचेनं चारी बाजूंनी बंद केलेलं देखणं कॅबिनेट इथे घेऊ नये, पुढून जाळी असलेलं घ्यावं, आणि कूलरची उंची व कार्डाची लांबी त्याच्या मापांशी ताडून बघावी. हे काम टेपने होतं.

भाच्याने यादी प्रोसेसरपासून सुरू केली होती. बहुतेक सगळे तशीच करतात. मी त्याला मॉनिटरपासून सुरू करायला लावली. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके. पडदा सेकंदाला १४४ वेळा बदलणार असेल तर दर सेकंदाला जवळपास ३० कोटी ठिपके रंगवायचे, आणि प्रत्येक चित्राला वेळ मिळतो सात मिलिसेकंदांहूनही कमी. फोर-के घेतलात तर ठिपके चौपट. चित्रात कोण कुठे आहे, कुणाची गोळी कुणाला लागली, हे प्रोसेसर ठरवतो. रंगवतं कार्ड. ठिपके जास्त तर कार्डावर बोजा, वेग जास्त तर प्रोसेसरवर. साठ हर्ट्झच्या जुन्या मॉनिटरला महागडं कार्ड जोडणाऱ्याचे निम्मे पैसे न दिसणाऱ्या चित्रांवर जातात.

आणि गेम तरी कुठे ओळखतो समोरचं कार्ड? "राजी: ॲन एन्शंट एपिक" हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणला. चाळीसशे साठ बाजारात आलं २०२३ मध्ये. गेम लिहिणाऱ्यांना हे कार्ड ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तरी तो त्यावर चालतो, कारण गेम थेट कार्डाशी बोलत नाही. तो डायरेक्टएक्ससारख्या ठरलेल्या भाषेत मागणी नोंदवतो, आणि त्या मागणीचा त्या त्या कार्डाला समजेल असा अनुवाद ड्रायव्हर करतो. नव्या कार्डाने जुन्या गेमची मागणी समजून घ्यायची, ही जबाबदारी नव्याची.

पार्ट आले, जोडले गेले. शेवटी राहिली कॅबिनेटच्या पुढच्या बटणाची तार. जवळपास अर्ध्या शतकाचे करार, कोट्यवधी बिट, पिकोसेकंदांचे हिशेब, आणि बटणाच्या बाबतीत मात्र सगळ्या कंपन्यांनी हात टेकलेले. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात काटेरी पिनांचा एक पुंजका, त्यावर पॉवर स्विच, रीसेट, दोन दिवे यांच्या चिमुकल्या टोप्या एकेक करून बसवायच्या. बहुतेक कॅबिनेटांत त्या सुट्या येतात, छपाई डोळे फोडणारी. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरायचा आणि मॅन्युअल गुडघ्यावर. दिव्यांना अधिक-उणे असतं, उलटे लावले तर लागत नाहीत, बाकी काही बिघडत नाही. स्विचला तेही नाही. तो फक्त दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवतो, तारा कशाही लावा. टोपी हरवलीच तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना लावलं तरी चालतं. बोर्ड एसएमपीएसला खूण करतो, एसएमपीएस आपले व्होल्ट स्थिर झाल्याची खात्री करतो, त्याला सेकंदाचा दहावा ते निम्मा भाग लागतो, मग तो "ठीक आहे" म्हणून उलट खूण करतो, आणि मगच प्रोसेसर पहिली सूचना वाचतो. भाच्याने स्क्रू ड्रायव्हरनेच सुरू केला. बटणाची टोपी कॅबिनेटच्या तळाशी पडली होती, ती दुसऱ्या दिवशी सापडली.